'लेट्स लर्न इंग्लिश', दुसरी पातळी: कानाला चांगला व्यायाम
व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी प्रसारण संस्थेची ही छोट्या व्हिडिओंची मालिका, धडे ३०, पैसे शून्य. पहिल्या पातळीच्या ५२ धड्यांतली नायिका ॲना इथेही आहेच. व्याकरण येतं पण समोरच्याचं बोलणं झेपत नाही, त्यांनी जरूर बघावी. पहिल्या फेरीत सबटायटल बंदच ठेवा. चालू असली की डोळे वाचत बसतात आणि कान सुट्टीवर जातात. दुसऱ्या फेरीत ती लावून निसटलेले शब्द टिपा, मग वाक्यागणिक थांबवत मोठ्याने म्हणा. 'डिड यू'चं 'डिजू', 'गोइंग टू'चं 'गोना' होतं, तिथेच गाडी अडते. वेग ०.७५ ठीक, त्याखाली स्वर विचित्र ताणले जातात. अभिनय जरा बाळबोधच. शिवाय उच्चार अमेरिकी, त्यामुळे आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी जोडीला ब्रिटिश बोलणंही ऐकावं.