पक्षी आणि पानं रंगवायचा ऑनलाइन वर्ग: पंखांसाठी घ्या, पानांसाठी नको

आठ आठवड्यांचा हा जलरंगांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. पक्षी जसा आहे तसा कागदावर उतरवायचा असेल, तर जरूर करा.

पहिले दोन आठवडे रंगाला हात लावायचा नाही, नुसती पेन्सिल. माझी चिडचिड झाली, कारण मला घाई होती खंड्याचा निळा लावायची. पण तिसऱ्याच दिवशी बाईंनी पायाची हाडं काढून दाखवली आणि इतकी वर्षं कुठे चुकत होतं ते कळलं. पक्ष्याचा जो गुडघा मागे वाकलेला वाटतो तो मुळी घोटा असतो. खरा गुडघा वर, पोटाच्या पिसांत दडलेला. हे डोक्यात बसल्यावर माझे पक्षी फांदीवर वजन टाकून बसायला लागले. बोटंही तेव्हाच नीट पाहिली: चिमणीची तीन पुढे नि एक मागे, पोपटाची दोन पुढे नि दोन मागे.

प्रमाणाच्या धड्यात अमेरिकेतले पक्षी रंगवणाऱ्या ऑड्युबॉन या चित्रकाराची चित्रं आहेत. १८२७ ते १८३८ या काळात छापलेल्या त्याच्या ४३५ चित्रांत पक्षी खऱ्या आकारात आहेत, त्यामुळे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) कागदात मावावा म्हणून त्याची मान खाली वाकवलेली.

वर्गाचा जीव मात्र पंखांच्या आठवड्यात. खंड्याच्या पाठीचा निळा रंगद्रव्यामुळे येत नाही. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरतो म्हणून तो निळा दिसतो. एकाच जाड थरात लावला की तो मेलाच. बाई आधी कोबाल्ट निळ्याचा फिकट हात देतात, तो पूर्ण वाळू देतात, मग थॅलो टर्कॉइझ या हिरवट निळ्याचा पाण्यासारखा पातळ थर, आणि जिथे चमक हवी तिथे कागद कोरा. सावलीला अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा. मी चार वेळा ओल्यावरच दुसरा थर घातला. खालचा रंग उठून डाग पडले. पाचव्या वेळी थांबले, तेव्हा पाठ उजळली.

सामानाची यादी मोजकी आणि बरोबर आहे. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, हॉट प्रेस कॉटन कागद खरंच घ्या. तो गुळगुळीत असल्याने पिसांच्या कडा स्वच्छ येतात. बारीक ब्रशांचा गठ्ठा नको, चांगलं टोक धरणारा एक गोल ब्रश पुरतो.

आता पानं. त्यांना जेमतेम एक धडा, त्यातही ट्यूबमधला सॅप ग्रीन हा तयार हिरवा तसाच थापलेला. पानं समोरासमोर फुटतात की एकाआड एक, शिरा कडेपर्यंत जातात की आधीच वळतात, मागची बाजू किती फिकट, यातलं काहीच नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, ‘पार्श्वभूमी सैल ठेवा.’ मला हे पटलं नाही. निसर्गचित्रात पक्षी कुठल्या झाडावर बसलाय हे ओळखू आलं पाहिजे. तेही त्याच्या जगण्यातलंच आहे. शेवटी मी एक डहाळी पेल्यात उभी केली आणि अल्ट्रामरीन, यलो ऑकर (मातकट पिवळा) नि किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांतून हिरवे बनवत बसले. कोवळ्या पानासाठी ऑकर जास्त, जून पानासाठी सिएना. एका डहाळीत सात वेगळे हिरवे निघाले.

धडे नंतरही पाहता येतात. मिटलेल्या पंखाचा धडा मी सध्या तिसऱ्यांदा पाहतेय, पेन्सिल हातात घेऊन.