रात्रीची काच की दिवसाची पट्टी?

भंडाऱ्याकडचा एक आरोग्यसेवक मित्र विचारत होता, "भाऊ, गावात हत्तीरोगाची तपासणी आहे. रात्री काचेवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघू, की झटपट चाचणीची पट्टी वापरू?"

आधी वेळेचं बोलू. हत्तीरोग करणाऱ्या वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या जंताची पिल्लं बोटाच्या रक्तात उतरतात ती रात्री, साधारण १० ते २ दरम्यान. म्हणजे दिवसभर धानाची रोवणी करून आडव्या झालेल्या माणसाला उठवून बोट टोचायचं. कुत्री मागे लागतात ते वेगळंच. पट्टी मोठ्या जंताचं प्रतिजन, म्हणजे त्याने रक्तात सोडलेला अंश, शोधते, म्हणून ती भरदुपारीही चालते. ७५ मायक्रोलीटर रक्त, १० मिनिटांत निकाल. पण घड्याळ बघा, उशिरा वाचलेली पट्टी खोटी रेघ दाखवू शकते. शिवाय ती ३७ अंशांच्या आत ठेवावी लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, तेव्हा गाडीच्या डिक्कीत राहिली तर संपलंच.

खर्चात काच स्वस्त, मात्र सूक्ष्मदर्शक आणि सरावलेली नजर हवी. पिल्लं विरळ असली की काच चुकते. उलट पट्टी उपचारानंतरही बरेच दिवस पॉझिटिव्ह राहू शकते. गोळ्यांनी रक्तातली पिल्लं गेली का, हे काचच सांगते.

पाय सुजलेले जुने रुग्ण पुष्कळदा दोन्हींत निगेटिव्ह निघतात. त्यांना पायाची निगा शिकवा, चाचणीत अडकवू नका.

लहान मुलांत संसर्ग उरलाय का पाहायचं, तर पट्टी. डास ज्याच्याकडून पिल्लं उचलू शकतो तो माणूस शोधायचा, तर टॉर्च घेऊन रात्रीच निघा.