कमरेची कॉइल लीश, एका हंगामानंतर: बोर्ड वाचतो, फॉइल नाही

विंग फॉइलिंगमध्ये हातात वाऱ्यासाठी फुगवलेली विंग, पायाखाली बोर्ड, आणि बोर्डाखाली फॉइल: मास्ट म्हणजे उभा दांडा, त्याच्या खालच्या टोकाला फ्यूजलाज म्हणजे आडवा दांडा, त्यावर पुढे फ्रंट विंग आणि मागे छोटा पंख, स्टॅब. बोर्ड माणसाला बांधून ठेवते ती लीश; माझी कॉइलची, म्हणजे स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. ती सैल पडली म्हणून वॉरंटी मागितली होती. विक्रेत्याचं उत्तर एकदाचं आलं. कॉइल सैल पडणं ही म्हणे 'नैसर्गिक झीज', तेव्हा वॉरंटी लागू नाही. एप्रिलमध्ये ६५ डॉलर मोजून घेतलेली लीश सप्टेंबरात लोंबायला लागते, आणि वर ती निसर्गाची करणी! नाव घेत नाही, कारण या बाबतीत बहुतेक विक्रेते सारखंच बोलतात.

वस्तू कोणती ते सांगतो. ८ फुटी, ७ मिमी जाडीची यूरिथेनची कॉइल, दोन्ही टोकांना स्टेनलेसचं स्विव्हल (गोल फिरणारा जोड), कमरेला झटक्यात सुटणारा पट्टा. वापर सॅन फ्रान्सिस्को बे मधला: बहुतेक कोयोट पॉइंट आणि फॉस्टर सिटीची थर्ड अव्हेन्यू, अधूनमधून क्रिसी फील्ड. इथे वाऱ्याचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे लीशला ऊन, खार आणि ताण तिन्ही भरपूर.

आधी चांगलं. सरळ लीश पाण्यात ओढली जाते. फॉइलवर चढल्यावर ती मागे फेस काढते आणि कधी कधी स्टॅबला अडकते. कॉइल डेकवरच, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूलाच, राहते. घोट्याला बांधली की पाय बदलताना पायात येते, कमरेला हा त्रास नाही. शिवाय घाटाच्या खांबाला किंवा नांगराच्या बोयाच्या साखळीला लीश अडकली आणि प्रवाह जोरात असला, तर घोट्याचा वेल्क्रो पाण्याखाली वाकून सोडणं जवळजवळ अशक्य असतं. कमरेचा पट्टा सोडणारा लाल गोळा हाताशीच असतो. मात्र तो डाव्या हाताने आणि हातमोजे घालून ओढून पाहायचा, कारण क्रिसीचं पाणी हंगामातही साधारण ११ ते १५ अंश असतं आणि गारठलेली बोटं नेमक्या वेळी ऐकत नाहीत.

कॉइलचा एक धोका आहे. पडल्यावर ती ताणली जाते आणि बोर्ड आपल्याच दिशेने परत येतो, फॉइलसकट. पडलं की दोन्ही हात डोक्याभोवती, आणि बोर्ड कुठे आहे ते दिसल्याशिवाय लीश ओढायची नाही.

जूनपर्यंत विचारलं असतं तर पाच तारे दिले असते. आज साडेतीन.

अर्धा तारा कॉइलने घालवला. यूरिथेन उन्हाने कडक होतं आणि एकाच टोकाला टांगून ठेवलं की स्वतःच्या वजनाने ताणलेलं राहतं. बंद गाडीत डॅशबोर्डखाली पडलेली लीश दोन महिन्यांत आकार सोडते. अशी सैल कॉइल डेकवरून घसरते आणि मास्टला वळसा घालते, मग सरळ लीशपेक्षा ती वेगळी काय राहिली? गोड्या पाण्यात धुवायची, स्विव्हल हाताने फिरवून वाळू काढायची, सैलसर गुंडाळी करून सावलीत आडवी ठेवायची. स्विव्हल फिरायचं थांबलं की कॉइलला पीळ बसतो आणि ती टोकाजवळ, साच्यातून निघालेल्या जाड भागाच्या अगदी शेजारी चिरते. तुटते ती तिथेच. दर आठवड्याला तो भाग वाकवून पाहा, पांढरट रेघ दिसली की लीश बाद.

उरलेला एक तारा मी एका दोरीसाठी कापतो आहे. होय, त्या वीतभर दोरीसाठी, जी लीश आणि बोर्डाच्या प्लगमधली (डेकमधल्या खळग्यातली) स्टीलची दांडी जोडते. डब्यात आलेली दोरी ३ मिमीची, आवरण मऊ, आणि फास एका साध्या गाठीवर. ती गाठ ओली झाली की सरकते, वाळली की बसते, पुन्हा ओली झाली की पुन्हा सरकते. शिवाय दांडीवर दोरी नेहमी एकाच जागी घासते आणि झीज फासाच्या आतल्या बाजूला होते, म्हणजे बाहेरून दोरी नवीकोरी दिसते. ६५ डॉलरच्या लीशची खरी ताकद या दोरीएवढी. कारखान्यात हिच्यावर किती पैसे वाचले असतील?

बदल सोपा आहे. ५ मिमी पॉलिएस्टरची दोरी घ्या, तिची दोन टोकं दुहेरी कोळीगाठीने जोडा, आणि गाठीबाहेर दोन्ही टोकं किमान ५ सेंमी सोडा. हा फास दांडीखालून काढून स्वतःतून ओवायचा. लांबी अशी ठेवायची की ताण आल्यावर बोर्डाच्या कडेवर लीशची रुंद पट्टी येईल, दोरी येणार नाही. बारीक दोरी कडेवर आली तर एका झटक्यात फायबरग्लास कापून आतल्या फोमपर्यंत जाते. इथे डायनिमा, म्हणजे ती गुळगुळीत, फार मजबूत दोरी, वापरू नका. ती ताणत नाही, साध्या गाठीतून निसटते आणि लीशच्या पट्टीची शिवण कापते. दर दोन महिन्यांनी दोरी बदला, खर्च एका कॉफीपेक्षा कमी.

आता मुद्द्याचं. ही लीश, किंवा कुठलीही लीश, बोर्ड वाचवते. बोर्ड तरंगतोच, विंगही तरंगते. सगळ्यात महाग भाग मात्र बुडतो. ॲल्युमिनियमची घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) २.७, कार्बन लॅमिनेटची साधारण १.६, समुद्राच्या पाण्याची १.०२५. कार्बनचा संपूर्ण संच दीड-दोन हजार डॉलरचा, आणि मास्टच्या वरच्या टोकाची प्लेट बोर्डाला धरलेली असते चार एम८ (८ मिमी जाडीच्या) बोल्टांनी. लीशवर लोक तासन्‌तास चर्चा करतात, पण या चार बोल्टांची लांबी किती, ते फारसं कुणी मोजत नाही.

लांबीच का? बोल्ट बोर्डाच्या खालच्या बाजूच्या लांब खाचेत, म्हणजे ट्रॅकमध्ये, सरकणाऱ्या टी-नटमध्ये बसतो. तो जास्त लांब असला तर त्याचं टोक ट्रॅकच्या तळाला टेकतं. पाना अडतो, वाटतं घट्ट झालं. प्रत्यक्षात बोल्ट तळाशी झगडत असतो आणि प्लेट बोर्डावर दाबलेलीच नसते. पाण्यात प्लेट सूक्ष्म हलते आणि बोल्ट सैल होतो. शिवाय तळाला भोक पडून बोर्डात पाणी शिरू शकतं ते वेगळंच. बोल्ट आखूड असला तर टी-नटचे दोन-तीनच आटे धरले जातात आणि ते उपटतात. एका कंपनीचा मास्ट दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर लावताना, किंवा प्लेटखाली पाचर घालून कोन बदलताना हा घोळ होतो.

मोजायची पद्धत अशी. व्हर्नियरने ट्रॅकची खोली मोजा, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत. त्यात प्लेटची जाडी मिळवा. शंकूसारख्या, प्लेटमध्ये बुडणाऱ्या डोक्याच्या बोल्टची लांबी डोक्यासकट धरतात, आणि ती या बेरजेपेक्षा किमान २ मिमी कमी हवी. समजा ट्रॅक २५ आणि प्लेट ९, बेरीज ३४. एम८चा ३० मिमी बोल्ट चालेल, ३५ नाही. दुसरी अट, बोल्ट टी-नटमधून आरपार जाऊन एखादा आटा बाहेर आला पाहिजे. घट्ट केल्यावर प्लेटच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहा. गेलं तर काहीतरी चुकलंय.

बाकीचं झटपट. बोल्ट कर्णाच्या क्रमाने आवळायचे, टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, उत्पादकाने दिलेला तोच. पहिल्या पंधरा मिनिटांनंतर किनाऱ्यावर येऊन पुन्हा एकदा पाना लावायचा, कारण प्लेट आणि गॅस्केट बसतात. मग रंगाच्या पेनाने बोल्टच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत एक रेघ मारायची. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे, पान्याची गरजच नाही. ट्रॅकला जिथे नट आत घालायची रुंद फट असते, तिथपासून प्लेट लांब ठेवा. सैल प्लेट सरकत त्या फटीपर्यंत गेली तर घट्ट बसलेला नटसुद्धा बाहेर येतो.

लॉक्टाइट (आटे चिकटवून धरणारा द्रव) की टेफ-जेल (बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण), हा वाद नेहमीचा. दोन्ही एकत्र नको, एवढं पक्कं. लॉक्टाइट २४३ कोरड्या, स्वच्छ धातूवर घट्ट होतं. खार बसलेल्या आट्यांवर त्याचा भरवसा नाही. शिवाय काही प्लास्टिकना ते तडा देतं, म्हणून ट्रॅकमध्ये ओघळू द्यायचं नाही. दर वेळी उघडायच्या बोल्टांना टेफ-जेल, कारण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते आणि बोल्ट आत जाम होतो. जाम होईल या भीतीने अर्धवट आवळणं हे फ्रंट विंग हरवण्याचं मोठं कारण आहे, असं माझं मत. फ्यूजलाज आणि स्टॅबचे एम६ बोल्ट, मॉडेलप्रमाणे काही ठिकाणी एम५, याच नियमात बसतात. स्टॅबचा एक बोल्ट गेला की स्टॅब वाकडा होतो, फॉइल अचानक नाक वर-खाली करायला लागतं. फॉइलवर असताना टक् असा आवाज आला किंवा नवीनच गुणगुण सुरू झाली तर पोटावर झोपून परत यायचं. तोल सांभाळत घरी आणू, असला हिशोब करायचा नाही.

सुरक्षेची दुसरी दोरी काही जण लावतात, तीही लावून पाहिली. ३ मिमी डायनिमा, मास्टच्या वरच्या टोकाला प्लेटला लागून घट्ट फास, तिथून टेलवरून (बोर्डाच्या मागच्या टोकावरून) डेकच्या प्लगपर्यंत. फास खाली सरकला तरी फ्यूजलाजला अडकतो. प्लेट निघाली तर मास्ट दोरीला लोंबतो, बुडत नाही. डायनिमाला साधी गाठ नको, स्प्लाइस (दोरीचं टोक दोरीतच विणून केलेला जोड) किंवा तिहेरी कोळीगाठ. कडेवरून जाते तिथे नळीसारखी पट्टी चढवायची. सैल राहिली तर दोरी पाण्यात वाजते आणि वेग खाते. फ्यूजलाज किंवा फ्रंट विंग सुटली तर या दोरीचा काही उपयोग नाही. सुरुवातीला मला हा अतिरेक वाटला होता, आता क्रिसीला ही दोरी लागतेच. तिथे गोल्डन गेटखाली खोली १०० मीटरच्या वर आणि ओहोटीचा प्रवाह ४ नॉट ओलांडतो. थर्ड अव्हेन्यूच्या उथळ पाण्यात लावली नाही तरी चालेल.

फॉइल गेलंच तर पहिल्या दहा सेकंदांत घड्याळावर जीपीएस खूण करा. २ नॉटच्या प्रवाहात माणूस मिनिटाला सुमारे ६० मीटर वाहतो, म्हणजे 'इथेच कुठेतरी' म्हणेपर्यंत ती जागा मागे राहिलेली असते. सोबत दोन दिशांना जवळची-लांबची एकेक खूण रेषेत धरून ठेवा, उदाहरणार्थ पुलाचा खांब आणि त्यामागची इमारत. चुंबक निरुपयोगी, ॲल्युमिनियम आणि कार्बन त्याला दाद देत नाहीत. एअरटॅगही नाही, ब्लूटूथ खाऱ्या पाण्यातून जात नाही. साउथ बे मध्ये, म्हणजे कोयोट पॉइंट आणि फॉस्टर सिटीच्या बाजूला, खूण नीट असेल तर भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाणी शून्याखाली जातं अशा ओहोटीची वाट पाहता येते. मात्र चिखलात चालत जाऊ नका, तिथे माणसं कमरेपर्यंत रुततात. बोर्डावर पोटावर झोपूनच जायचं.

हातातल्या विंगची लीश तुटली तर विंग वाऱ्याबरोबर लोळत जाते आणि पोहून हाती लागत नाही. तिच्यासाठी बोर्ड सोडायचा नाही.

बोर्डाच्या तळाला, विंगच्या स्ट्रटवर आणि मास्टवरही फोन नंबर लिहा. कोस्ट गार्डचे नारिंगी 'इफ फाउंड' स्टिकर फुकट मिळतात. रिकामा बोर्ड तरंगताना दिसला तर ते माणूस शोधायला निघतात, म्हणून बोर्ड गेला आणि तुम्ही सुखरूप किनाऱ्यावर असाल तर त्यांना कळवा. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६.

लीशचा पट्टा अजून उत्तम आहे, बकल सुटतं, शिवण धड आहे. म्हणून पट्टा ठेवतोय आणि सुटी कॉइल २८ डॉलरला दुसरीकडून घेतोय. दोरी अर्थातच घरची.