पोस्टाने येणाऱ्या चेकचं ट्रॅकिंग: अख्खा जिनिंग सीझन वापरून पाहिल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. पार्टीने पाठवलेल्या चेकचा स्पीड पोस्ट नंबर घेऊन शीटमध्ये टाकायचा आणि त्यावरून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत किती पैसे येतील ते मांडायचं, हे आता अख्खा सीझन करून झालं आणि पुढेही करणार आहे. पण ज्या फायद्यासाठी सुरू केलं तो थोडाच झाला, दुसराच एक फायदा जास्त झाला.

आमचं हिंगणघाटकडे छोटं वर्कशॉप आहे, डबल रोलर जिनचे (कापसातून सरकी वेगळी करायच्या मशीनचे) बीटर, चाकू, रोलर असलं काम. गिऱ्हाईक म्हणजे वणी, अकोट, आर्वी, तिकडे आदिलाबादचे जिनिंगवाले. आता कोणी म्हणेल आजच्या काळात चेक काहून, एनईएफटी तर डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे. बरोबर आहे बाप्पा, पण मालकाले सांगून पहा. दोन भागीदारांच्या सह्या लागतात, मुनीमजी जुन्या वळणाचे, आणि खरं म्हणजे चेक पोस्टात आहे तोवर पैसे त्यांच्याच खात्यात असतात ना. इकडे आपलं बिल फाटलं की पैसे येवोत न येवोत २० तारखेला जीएसटी भरायचा, शनिवारी पोरांची मजुरी, वरून सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज.

आयडिया तशी बाहेरची. अमेरिकेत मोठ्या बिलवाल्या कंपन्या परतीच्या लिफाफ्यावर ६५ रेघांचा बारकोड छापून देतात, गिऱ्हाइकाने चेक घालून तो पेटीत टाकला की पोस्टाच्या मशीनवर स्कॅन होतो आणि कंपनीले कळते की पैसे निघाले. आपल्याकडे साध्या टपालाले ट्रॅकिंग नाही, म्हणून काउंटरवर बुकिंग करावंच लागते. सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टातच गेलं, त्यामुळे मुनीमजी "रजिस्टरने धाडतो" म्हणाले तरी नंबर तसाच मिळतो, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन. ५० ग्रॅमपर्यंत गावाबाहेर कुठेही ४७ रुपये आणि वर जीएसटी. तो खर्च मी पुढच्या बिलात वजा करून देतो, नाहीतर कोणी पावतीचा फोटो पाठवत नाही, हे लिहून घ्या.

शीटमध्ये रकाने असे: पार्टी, बिल, चेकवरची तारीख, "टाकला" असं फोनवर म्हणाले ती तारीख, बुकिंग, डिलिव्हरी, बँकेत भरला, जमा झाला. बस. याच्यावर काही लागत नाही.

आता खरी गंमत. मला वाटे उशीर पोस्टात होते. एवढे महिने आम्ही सगळे पोस्टमनभाऊंच्या नावाने बोटं मोडत होतो. शीट भरल्यावर दिसलं की बुकिंग झालं की लिफाफा दोन-चार दिवसांत येतेच, फरक पडला तर रविवार-सुट्टीचा. खरा वेळ जाते तो "टाकला ना भाऊ, पोस्टात असंन" आणि बुकिंग याच्या मधात, चेक मुनीमजीच्या खणात पडून असते. एका पार्टीचा हा गॅप कधी दोन-तीन दिवसांच्या वर गेला नाही, दुसऱ्या एका मोठ्या पार्टीचा कायम तीन आठवडे, आणि आम्ही दोघांनाही एकाच मापाने धरून कच्चा माल उचलत होतो. तेव्हापासून बिलाची ड्यू तारीख अंदाजात धरतच नाही. बुकिंग नंबर आला तेवढेच पैसे पक्के, फोनवरचा वायदा असेल तर त्या पार्टीच्या सवयीइतके दिवस पुढे ढकलायचे, आणि वायदाही नसेल तर शून्य. सरासरी नका काढू, मिडियन (सगळे दिवस चढत्या क्रमाने लावून मधला आकडा) काढा, कारण कापसाच्या गाठी विकल्या नाहीत म्हणून रखडलेला एखादा चेक सगळी सरासरी बिघडवते.

क्लिअरिंगची तर चिंताच गेली. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसाच्या ठरलेल्या वेळेत चेक स्कॅन होऊन गेला की समोरच्या बँकेले संध्याकाळी ७ पर्यंत उत्तर द्यावं लागते, म्हणून आमचा पोरगा सकाळीच तालुक्याले जाऊन भरून येते. आधीचे ते दोन-तीन दिवस अंदाजातून काढून टाकले.

दुसरा फायदा, पावतीसोबत चेकचाही फोटो मागवतो. एकाने अक्षरात रक्कम खोडून परत लिहिली होती. सीटीएसमध्ये (चेक स्कॅन करून होते ते क्लिअरिंग) तारीख सोडून कुठेही खाडाखोड चालत नाही, तो चेक इथपर्यंत येऊन परत गेला असता तर पंधरवडा गेला असता. आणि चेकवरची तारीख नक्की पहा, चेक तीनच महिने चालते, काही लोक तारीख टाकून ठेवतात अन् महिनाभराने पोस्ट करतात.

मार्चमध्ये तर शीट हत्यारासारखी वापरली. आम्ही उद्यम नोंदणीवाले सूक्ष्म उत्पादक, तर आयकराच्या कलम ४३बी(एच) मुळे ठरलेल्या मुदतीत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे दिले नाहीत तर पार्टीले तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येते. बिल नंबर आणि दिवस लिहून त्यांच्या सीएले मेसेज टाकला, जे मालक फोन उचलत नव्हते त्यांचे बुकिंग नंबर आपोआप यायला लागले. नुसत्या व्यापाऱ्यांना मात्र हे कलम लागू नाही, उगाच धमकी देऊ नका.

खटकलं ते सांगतो. सगळं हाताने भरावं लागते, पावतीच्या फोटोवरून नंबर वाचताना शून्य आणि आठ यात घोळ होते. ट्रॅकिंग लिफाफ्याचं, आतल्या चेकचं नाही, डिलिव्हर्ड दिसलं म्हणून रक्कम बरोबर आली असं समजू नका. आणि चेक बाउन्स व्हायचा तो होतेच, त्याले शीट काय करणार, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची असते म्हणून ती तारीख तेवढी लाल रंगात ठेवली आहे.

बँकेत उधारीचा कागद देतानाही कामात येते. बहुतेक बँका ९० दिवसांवरची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये (सीसीतून किती उचलता येईल त्या हिशोबात) धरत नाहीत, कोणतं बिल तिकडे सरकून रायलं ते आधीच दिसते.

पाचपैकी चार देईन. पार्ट्या पाच-सहाच असतील तर वही पुरते, पंधराच्या वर गेल्या आणि निम्मे चेकवाले असले तरच शीट करा.