मॅक्सिमोचा ‘लाइव्ह प्रोजेक्ट’ विकणाऱ्या क्लासपासून सावध राहा

नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा, मिहानकडे मेंटेनन्सला असलेल्या मुलांना सध्या फोन येताहेत. मॅक्सिमो (यंत्रांच्या देखभालीचा हिशेब ठेवणारं आयबीएमचं सॉफ्टवेअर) शिका, लाइव्ह प्रोजेक्टवर काम करा, आयबीएमचं सर्टिफिकेट मिळवा, पुण्या-बंगळुरूत नोकरी पक्की. याच बोलण्यावर माझ्या नावावर ७८,००० रुपयांचं कर्ज चढलं. बॅचमध्ये उमरेड, काटोल, वर्ध्याहून रोज ये-जा करणारी मुलं होती. काहींच्या घरी सोयाबीन विकून पहिले हप्ते भरले गेले. तक्रार सुरू असल्याने क्लासचं नाव लिहीत नाही, पण त्यांची पद्धत सगळी सांगतो.

मी स्वतः कारखान्यात मेंटेनन्स बघतो. कोणतं मशीन कधी बंद पडलं, कोणता स्पेअर लागला, किती तास गेले, पुढची ठरलेली देखभाल कधी, हे आमच्याकडे अर्धं वहीत, अर्धं एक्सेलमध्ये आणि बाकीचं जुन्या फिटरच्या डोक्यात असतं. मॅक्सिमो, सॅप पीएम (सॅपचा प्लांट मेंटेनन्सचा भाग) ही सॉफ्टवेअरं हेच सगळं एका जागी बांधतात: असेटची म्हणजे मशीन-उपकरणांची यादी, त्याचं लोकेशन, वर्क ऑर्डर (दुरुस्तीच्या कामाची नोंद), जॉब प्लॅन (त्या कामाच्या पायऱ्या), स्टोअरमधला साठा. वीजकेंद्रं, रिफायनऱ्या, रेल्वे, विमानांची देखभाल अशा ठिकाणी यांना खरोखरच मागणी आहे, म्हणून तर हा सापळा चालतो. प्लांटमध्ये चार-पाच वर्षं घाम गाळलेल्या माणसाला हे शिकावंसं वाटणं अगदी रास्त आहे.

सीताबर्डीच्या ऑफिसात काउन्सेलिंग झालं. समोरची व्यक्ती म्हणाली, “भाऊ, फी भरायचीच नाही तुम्हाला. आधार, पॅन अन् एक ओटीपी, बस. महिन्याला साडेसहा हजार, बारा हप्ते. नोकरी लागली की पगारातूनच निघून जाईन. पण आजच करा, सीटा भरून राहिल्या.” तो ओटीपी म्हणजे कर्जाच्या करारावरची सही होती. एका फायनान्स कंपनीने पूर्ण रक्कम क्लासच्या खात्यात टाकली आणि माझ्या बँक खात्यावर दर महिन्याच्या कपातीचा मॅन्डेट बसला. त्या टेबलावर ‘कर्ज’ हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही, ‘सोपे हप्ते’ एवढंच ऐकू आलं. क्लास चालो वा बंद पडो, कर्ज आपलं आणि हप्ता आपला. क्लासला सगळे पैसे पहिल्याच दिवशी मिळालेले असतात, त्यामुळे नंतर शिकवण्याची गरज त्यांना उरत नाही.

आता तो लाइव्ह प्रोजेक्ट. आम्हाला सांगितलं होतं, विदर्भातल्या एका मोठ्या वीजकेंद्राचा खराखुरा डेटा आहे, गोपनीयतेच्या करारामुळे नाव सांगता येत नाही. स्क्रीनवर असेट उघडला: क्रमांक ११४३०. सर म्हणाले, हा बॉयलर फीड पंप, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा. वर्णनात लिहिलं होतं सेंट्रिफ्युगल पंप, १०० जीपीएम (गॅलन प्रति मिनिट), ६० फूट हेड (पंप पाणी किती उंच चढवतो ते). साइटच्या रकान्यात बेडफर्ड.

मेंटेनन्समधल्या माणसाला इथेच खटकायला हवं आणि मला खटकलं. आपल्याकडच्या पंपाच्या नेमप्लेटवर डिस्चार्ज घनमीटर प्रति तासात नाहीतर लिटर प्रति मिनिटात असतो आणि हेड मीटरमध्ये. १०० गॅलन प्रति मिनिट म्हणजे साधारण २३ घनमीटर प्रति तास, ६० फूट म्हणजे १८ मीटर. सहा मजली इमारतीच्या गच्चीवर पाणी चढवायला तेवढं हेड पुरतं. २१० मेगावॅटच्या संचाच्या बॉयलर फीड पंपाला दीड हजार मीटरच्या वर हेड द्यावं लागतं, नाहीतर ड्रमच्या दाबाविरुद्ध पाणी आत जाणारच नाही. मी विचारलं, तर “ते युनिट सेटिंग आहे” असं उत्तर मिळालं आणि स्क्रीन पुढे सरकली.

घरी येऊन शोधलं. ११४३० हा पंप मॅक्सिमोसोबत येणाऱ्या डेमो डेटाबेसमधला आहे. बेडफर्ड हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं गाव. मॅक्सिमो बनवणाऱ्या एमआरओ सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय तिथंच होतं आणि २००६ मध्ये आयबीएमने ती कंपनी विकत घेतली. सरावासाठी दिलेला हा नमुना जगभर शिकणारे लोक वापरतात, त्यात वावगं काही नाही. पण तोच नमुना विदर्भातलं वीजकेंद्र म्हणून दाखवायचा आणि त्यावर ‘प्रत्यक्ष प्रकल्पाचा अनुभव’ असं लिहून द्यायचं, ही सरळ फसवणूक आहे. तुमच्या क्लासमध्ये बेडफर्ड दिसलं, तर तो कोणाचाही लाइव्ह प्रोजेक्ट नाही, हे पक्कं समजा.

शिकवत होते तेही जुनं. सरांच्या लॅपटॉपवर मॅक्सिमोची ७.६ ही आवृत्ती होती आणि तिचं लायसन कोणाच्या नावावर, हे शेवटपर्यंत कळलं नाही. मॅक्सिमो अ‍ॅप्लिकेशन सूट २०२० मध्ये आला, तो रेड हॅट ओपनशिफ्ट या प्लॅटफॉर्मवर चालतो, लायसन अ‍ॅपपॉइंट्स नावाच्या वापराच्या पॉइंटवर मोजलं जातं. ७.६.१ चा नेहमीचा सपोर्ट सप्टेंबर २०२५ मध्ये संपवण्याचं आयबीएमने आधीच जाहीर केलं होतं. यातलं अवाक्षरही आमच्या बॅचला सांगितलं गेलं नाही. बऱ्याच प्लांटमध्ये जुनी आवृत्ती अजून चालते, त्यामुळे ती शिकणं वाया जात नाही. पण नोकरीच्या जाहिरातीत नव्या सूटचं नाव असेल तर शिकणाऱ्याला हे आधी कळायला हवं.

सगळ्यात जास्त राग मला या गोष्टीचा येतो की या विषयातलं खरं काम त्यांनी शिवलंसुद्धा नाही. वर्क ऑर्डर तयार करून अप्रूव्ह, इन प्रोग्रेस, कम्प्लीट, क्लोज असं पुढे नेणं कोणीही दुपारभरात शिकेल. प्रोजेक्ट अडतो तो मास्टर डेटावर, म्हणजे मशीन आणि स्पेअरच्या मूळ नोंदींवर. एकच ६२०५ बेअरिंग स्टोअरमध्ये ‘बेअरिंग ६२०५ झेडझेड’, ‘६२०५ बीआरजी’, ‘बॉल बेअरिंग ६२०५’ अशा तीन नावांनी पडलेलं असतं. सॉफ्टवेअरला त्या तीन वेगळ्या वस्तू वाटतात, एका नावाखाली साठा शून्य दिसतो आणि नवी खरेदी निघते. गंजलेली नेमप्लेट घासून वाचायची, मोटर कोणत्या पंपाची आणि पंप कोणत्या लाइनचा हे लावायचं, फेल्युअर कोडमध्ये (बिघाड नोंदवायच्या ठरावीक यादीत) प्रॉब्लेम, कॉज आणि रेमेडी अशा ठरवायच्या की रात्रपाळीचा फिटर ‘इतर’ टाकून मोकळा होणार नाही. हे काम बुटीबोरीतला अनुभवी माणूस कोणत्याही काउन्सेलरपेक्षा चांगलं करेल. त्याच माणसाला ‘तुम्ही आयटीत नवखे’ म्हणून घाबरवलं जातं.

शेवटी सर्टिफिकेट आलं. आयबीएमचा लोगो, सोनेरी कडा, खाली क्लासच्या संचालकाची सही. आयबीएमचं खरं प्रमाणपत्र पिअरसन व्ह्यू मार्फत परीक्षा देऊन मिळतं आणि त्याचा डिजिटल बॅज क्रेडलीवर असतो, लिंक उघडून कोणीही तपासू शकतं. आमच्या कागदावर लिंकही नव्हती आणि परीक्षार्थी क्रमांकही. ज्या क्लासला ‘सरांचा स्वतःचा बॅज दाखवा’ म्हटलं की विषय बदलतो, तिथून उठून या.

त्यानंतर प्लेसमेंट. “पुण्याच्या कंपनीचं तीन वर्षांचं एक्सपिरियन्स लेटर देतो, १५,००० लागतील.” मी नाही म्हटलं. एका मुलाने घेतलं. नोकरी देणाऱ्या कंपनीच्या पडताळणीत त्याच्या यूएएनची (पीएफच्या कायम क्रमांकाची) सर्व्हिस हिस्टरी मागितली गेली, त्यात पीएफ कापणारा मालक दुसराच निघाला आणि हातातलं ऑफर लेटर गेलं. खोटं लेटर वापरलं की फसवला गेलेला मुलगाच आरोपीच्या जागी उभा राहतो. म्हणूनच अशी मुलं तक्रार करायला पुढे येत नाहीत आणि हे क्लासवाले ते जाणून असतात.

पुढच्याच महिन्यात क्लासला कुलूप लागलं. फोन बंद, हप्ते चालू.

जे अडकले आहेत त्यांच्यासाठी कामाचं सांगतो. नुसता हप्ता थांबवू नका, सिबिल स्कोअर पडतो आणि वसुलीवाले घरच्यांना फोन करतात. आधी फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा: सेवा मिळाली नाही, कर्ज हप्त्यांची सोय म्हणून गळ्यात मारलं. कर्जाचा करार आणि की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) मागून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. सोबत ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. पोलिसांकडे अर्ज देताना भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा उल्लेख करा आणि पोच घ्या. आणि ज्यांनी कालच ओटीपी दिला असेल त्यांनी आजच करार उघडावा. डिजिटल कर्जात विचार बदलण्यासाठी कूलिंग-ऑफची मुदत द्यावीच लागते, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मात्र रक्कम क्लासच्या खात्यात गेलेली असते, म्हणून क्लासला फी परत करण्याची लेखी मागणी त्याच दिवशी पाठवा.

आमच्यातल्या काही जणांनी मिळून अर्ज दिला आहे. पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरची आश्वासनं आणि बेडफर्डच्या स्क्रीनचे फोटो जोडले आहेत. बाकीच्या मुलांनीही आपापली कर्जाची कागदपत्रं घेऊन यावं, खोटं लेटर घेतलेल्यांनीसुद्धा, वकिलाशी बोलून. सगळ्यांची तक्रार एका वेळी गेली तर फायनान्स कंपनीला प्रत्येकाला वेगळं गाठून दबाव टाकता येणार नाही.