लाल टोपीची ४० युनिटची इन्सुलिन सिरिंज: वॉर्डात कशी चालते

एक मिलीची, सुई जोडूनच येणारी, लाल टोपीची सिरिंज. आपल्याकडे मिक्स्टार्ड (तयार मिश्रण) किंवा रेग्युलर (लवकर काम करणारं) ह्यूमन इन्सुलिनच्या बहुतेक व्हायल, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटल्या, मिलीला ४० युनिटच्या असतात आणि ही सिरिंज त्यांच्यासाठीच आहे. त्या कामात ती चोख. नळीवर ४० खुणा, एका खुणेला एक युनिट. १४ युनिट लिहिले असतील तर १४ च्या खुणेपर्यंत ओढा, मिलीचं गणित करायला लागत नाही. वाचताना दट्ट्याच्या रबराची सुईकडची कड पाहायची, मागची नव्हे.

सुई वेगळी न होणं हा हिचा खरा गुण. सुटी सुई लावायच्या सिरिंजमध्ये सुईच्या बुडाशी थोडी जागा उरते. रेग्युलर आणि एनपीएच (सावकाश काम करणारं इन्सुलिन) एकत्र भरताना त्या जागेत साठलेलं रेग्युलर नळीत येतं आणि प्रमाण बिघडतं. इथे ती जागा जवळपास नसते. भरायचा क्रम मात्र तोच: एनपीएचची व्हायल तळहातांत हलक्या हाताने फिरवून घ्या, तिच्यात डोसाइतकी हवा सोडा आणि औषध न ओढता सुई बाहेर काढा. मग रेग्युलरमध्ये हवा सोडून ते आधी ओढा, शेवटी एनपीएच. ग्लार्जिन (दिवसभर पुरणारं इन्सुलिन) कशातही मिसळायचं नाही.

आता धोका. अनेक अ‍ॅनालॉग (ह्यूमन इन्सुलिनच्या रचनेत थोडा बदल केलेल्या) इन्सुलिनच्या व्हायल मिलीला १०० युनिटच्या येतात आणि दोन्ही प्रकार एकाच फ्रिजमध्ये शेजारी उभे असतात. १०० ची व्हायल या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढली, तर पाव मिली येतं, म्हणजे २५ युनिट. अडीचपट डोस! रात्रीच्या शिफ्टला साखर धाडकन खाली येते आणि पेशंट झोपेत असल्यामुळे घाम, थरथर लक्षातही येत नाही. उलट चूक, म्हणजे ४० ची व्हायल नारिंगी टोपीच्या १०० च्या सिरिंजने घेतली, तर २० च्या खुणेला फक्त ८ युनिट जातात. साखर उतरत नाही आणि दुसऱ्या दिवशी डोस वाढवला जातो, हे त्याहून वाईट.

टोपीच्या रंगावर विसंबू नका. टोपी काढली की दोन्ही सिरिंज हातात सारख्याच वाटतात, म्हणून नळीवर छापलेला आकडा व्हायलच्या लेबलशी जुळवायचा आणि तो दुसऱ्या सिस्टरने स्वतंत्रपणे वाचायचा. नारिंगी सिरिंज ट्रॉलीत नकोच, १०० च्या व्हायलसोबत वेगळ्या डब्यात ठेवा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढणं तर पूर्ण बंद हवं. कार्ट्रिज १०० ची असते आणि हाताशी असते ती बहुधा लालच. केस पेपरवर 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी 'यू' घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

इन्फ्युजनसाठी, म्हणजे शिरेतून हळूहळू द्यायला, ५० मिली सलाइनमध्ये ५० युनिट रेग्युलर घालतात. ४० च्या व्हायलमधून ते १.२५ मिली होतं, म्हणजे ही सिरिंज एकदा पूर्ण आणि मग १० च्या खुणेपर्यंत. दोन वेळा भरावी लागते, पण मोठ्या सिरिंजवर अंदाजाने १.२५ शोधण्यापेक्षा हे बरं.

उणीव एकच मोठी वाटते: लहान मुलांचे अर्ध्या युनिटचे डोस हिच्यावर विश्वासाने मोजता येत नाहीत. १०० ची व्हायल चालू असेल तर अर्ध्या युनिटच्या खुणांची ०.३ मिलीची सिरिंज मागवा.

खरेदी करताना स्पिरिटचा बोळा नळीवर घासून पाहा, छपाई पुसट झाली तर तो माल परत करा. दट्ट्या अडखळत सरकत असेल तरी तेच. दहा सिरिंजची एकत्र पिशवी घरी ठीक. वॉर्डात एकेक बंद पाकिटातली घ्या, कारण उघडी पिशवी दिवसभर ट्रॉलीवर पडून राहते. सुई ६ मिमीची बहुतेकांना पुरते. ८ मिमीची असेल तर बारीक पेशंटच्या कातडीची चिमट धरून द्या, नाहीतर औषध स्नायूत जातं आणि लवकर शोषलं जातं.

वापरल्यावर टोपी परत लावायची नाही. सुई निघत नसल्यामुळे अख्खी सिरिंज पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात जाते, लाल पिशवीत नाही. त्यामुळे तो डबा लवकर भरतो. सिरिंजच्या खोक्याबरोबर तोही जास्तीचा मागवून ठेवा.