मल्टिमीटर वाजला म्हणजे मोटर जळली, असं नाही

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाडीच्या ब्रशलेस (कार्बनचे ब्रश नसलेल्या, तीन वायरींच्या) मोटरच्या दोन वायरींना मल्टिमीटर (वीज मोजायचा मीटर) लावून कुणी तुम्हाला बीप ऐकवली आणि "मोटर शॉर्ट आहे, बदलावी लागेल" असं सांगितलं, तर पैसे काढू नका. माझ्या भाच्याचे साडेतीन हजार रुपये याच आवाजावर गेले. कॉलेजात असताना शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते ते, म्हणून जास्त लागलं.

गाडी १:१० मापाची, टू-एस लायपोवर (दोन सेलच्या लिथियम बॅटरीवर) चालणारी. मोटर ३६५० साइजची, ३३०० केव्ही (किलोव्होल्ट नव्हे, एका व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे), सेन्सर नसलेली. थ्रॉटल दिला की ती जागेवरच थरथरायची, टर्र टर्र आवाज करायची. कधी हाताने ढकलली की सुटायची आणि मग व्यवस्थित पळायची, कधी ढकलूनही हलायची नाही. पुण्यात एका हॉबीच्या दुकानात आम्ही ती दाखवली.

दुकानदार बोलायला गोड होता. त्याने मोटर ईएससीपासून (मोटरला वीज देऊन तिचा वेग ठरवणारं सर्किट) सोडवली, मल्टिमीटर बीपवर (वीज जायला वाट असली की वाजतो) ठेवला आणि तीन वायरींपैकी दोन-दोन घेऊन लावत गेला. प्रत्येक वेळी बीप. "बघा काका, तिन्ही शॉर्ट. वाइंडिंग संपलं." वाइंडिंग म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी. मग वायरींची तिन्ही टोकं पकडीत एकत्र दाबून धरली आणि भाच्याला म्हणाला, "आता शाफ्ट फिरव." शाफ्ट, म्हणजे मोटरचा दांडा, गुळाच्या पाकात अडकल्यासारखा जड फिरत होता. स्वतःच्या बोटांना जाणवलेलं कोण नाकारणार? भाच्याचा चेहराच उतरला.

'नवीन' मोटर बसवली, चाकं वर धरून फिरवून दाखवली. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल हवं तर जीएसटी वर द्यावा लागेल," आणि एका चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला. जुनी मोटर मागितली तर "ती एक्स्चेंजमध्ये गेली, त्यावरच तर किंमत कमी केली" असं उत्तर मिळालं.

थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा तशीच थरथरू लागली. तीच टर्र टर्र, तेच ढकलणं.

या वेळी मी ती भोसरीतल्या एका ओळखीच्या रिवाइंडिंगवाल्यांकडे नेली. आयुष्य पाण्याच्या पंपांच्या मोटरी भरण्यात गेलेला माणूस. बीपची गोष्ट ऐकून ते संतापलेच. म्हणाले, "अहो, थ्री-फेज मोटरच्या तिन्ही वायरी आतून एकमेकींना जोडलेल्याच असतात. बीप वाजायलाच पाहिजे. नाही वाजली तर काळजी करायची." मल्टिमीटर साधारण ३० ते ५० ओहमच्या खाली काहीही असलं की वाजतो. अशा मोटरच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स ओहमच्या शंभराव्या भागात असतो, मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा त्याहून जास्त. म्हणजे या मीटरने चांगलं वाइंडिंग आणि शॉर्ट झालेलं वाइंडिंग वेगळं ओळखताच येत नाही.

शाफ्ट जड लागण्याचंही तसंच. रोटरमध्ये, म्हणजे शाफ्टसोबत फिरणाऱ्या भागात, लोहचुंबक आहे. तो फिरला की वाइंडिंगमध्ये वीज तयार होते, आणि टोकं जोडलेली असली की तीच वीज ब्रेक लावते. धडधाकट मोटरच असा ब्रेक लावते. त्या दुकानदाराने मोटर चांगली असल्याच्या दोन्ही खुणा आम्हाला बिघाड म्हणून दाखवल्या. मोटर विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

खरी तपासणी रिवाइंडिंगवाल्यांनी समोर करून दाखवली, ती लिहून ठेवतो. तिन्ही टोकं सुटी ठेवून शाफ्ट फिरवायचा: चुंबकाचे सारखे टप्पे लागले पाहिजेत, एकंदरीत हलका फिरला पाहिजे. सुटी असतानाही जड लागला तर आत शॉर्ट असू शकतो. मग दोन-दोन टोकं जोडून बघायचं, तिन्ही जोड्यांत ब्रेक सारखाच लागायला हवा. मीटरची बीप खरी कामाची आहे ती वायर आणि मोटरच्या बॉडीमध्ये, तिथे वाजली तर मोटर गेली. फक्त प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) रंगीत ॲल्युमिनियमवर टेकवायचा नाही, तो थर वीज जाऊ देत नाही. स्क्रूच्या भोकात किंवा खरवडलेल्या जागी टेकवायचा. आणि शंका उरलीच तर शाफ्ट ड्रिलला लावून फिरवायचा, मीटर एसी व्होल्टवर. मिनिटाला १५०० फेऱ्यांना ३३०० केव्हीची मोटर ०.३ व्होल्टच्या आसपास दाखवते. तिन्ही जोड्यांचे आकडे जुळले की वाइंडिंग ठीक.

मग बिघाड कुठे होता? ईएससीच्या मधल्या वायरीच्या बुलेट कनेक्टरमध्ये (वायर मोटरला जोडायचं धातूचं टोक). वरची हीट-श्रिंक नळी कापली तर आत ड्राय सोल्डर, वायर नुसती टेकलेली. तीनपैकी एका वायरीची (फेजची) वीज मधूनच तुटत होती, म्हणून थरथर. जाड वायरीला कमी वॅटचं सोल्डरिंग आयर्न लावलं की असं होतं. पुन्हा नीट सोल्डर केलं, गाडी ठीक झाली. खर्च जवळपास शून्य. त्यांनी तर पैसेच घेतले नाहीत.

पिनियन (शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. 'नवीन' मोटरच्या शाफ्टवर आमच्या पिनियनच्या स्क्रूपासून दूर, वेगळ्या जागी जुने ओरखडे होते आणि मोटर बसवायच्या भोकांभोवतीचा रंग गेलेला होता. म्हणजे तीही कुणाची तरी वापरलेलीच. आमची चांगली मोटर आता पुढच्या कुणाला 'नवीन' म्हणून मिळेल, असा माझा दाट संशय आहे.

दुकानदार आता फोन उचलत नाही. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथाच आहे, आणि यूपीआयने पैसे दिल्याची नोंद आमच्याकडे आहे. ती नोंद, चिठ्ठी आणि शाफ्टचे फोटो जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार केली आहे. मागणी दोन गोष्टींची आहे: पैसे परत आणि भाच्याची जुनी मोटर परत. तिला काहीही झालेलं नव्हतं.